सोनीबाईच्या आरशातली हलीमा

नेर गावी कापसाच्या बाजाराजवळ अब्दुल गनीचा फोटो स्टुडिओ होता. गावात वीज आल्यावर त्याने पाचशे वॉटचे दोन दिवे आणले, आणि त्या दिव्यांनी गावातल्या प्रत्येक माणसाच्या गालावर त्याच्याच नाकाची सावली पाडली.

स्टुडिओ आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच पडदा होता. त्याआडून गनीची बायको हलीमा सहा महिने हे बघत राहिली. मग एक दिवस तिने घासलेटचा रिकामा डबा कापून दिव्याला टोपरं करून दिलं. उजेड चोहीकडे सांडायचा थांबला. दिव्यापुढे पिठाची चाळणी टांगली, तशी नाकाची सावली मऊ झाली. गनी गिऱ्हाइकांना सांगू लागला, "मुंबईची तरकीब हाय!" त्या दिवसापासून घरातल्या पोळ्या कोंड्यासकट होऊ लागल्या.

बासष्ट सालच्या दिवाळीनंतर जवळच्या बंजारा तांड्यावरचा देवसिंग आपल्या बायकोला, सोनीबाईला घेऊन आला. तिच्या काचोळीवर, ओढणीवर, घागऱ्यावर आरसेच आरसे. गनीने दिवे लावताच भिंतीवर, आढ्यावर, खुद्द गनीच्या कपाळावर ठिपके नाचायला लागले.

"बाई, ओढनी काढून ठेवा. फोटोत नुसते पांढरे डाग येतीन."

"काहून काढू?" सोनीबाई म्हणाली. "आरसे माहे, डाग तुमच्या दिव्याचे. दिवाच काढा!"

देवसिंग खो-खो हसला. गनीने दिवा वर केला, खाली केला, घामाघूम झाला. तेवढ्यात हलीमा पलंगावरची पांढरी चादर घेऊन बाहेर आली.

"दिवा बाईवर नोका मारू. चादरीवर मारा."

तिने एक दिवा विझवला, एका बाजूला दोरीवर चादर ताणली आणि दुसरा दिवा चादरीमागे, हातभर लांब ठेवला. उजेड चादरीत शिरला आणि चादरभर पसरून बाहेर आला. भिंतीवरचे ठिपके गेले. आरसे शांत झाले. सोनीबाईचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला.

गनी लगेच देवसिंगकडे वळला. "पाह्यलं? मी मुद्दामच आधी नुसता दिवा लावतो. माही पद्धतच हाय तशी."

आणि तो कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरला. "हलू नोका. एक... दोन..."

चादरीचं टोक धरून उभी असलेली हलीमा जराशी बाहेर वाकली आणि त्या काळ्या कापडाला तिने चांगली बोटभर जीभ दाखवली.

दुसऱ्या दिवशी गनी पेन्सिल घेऊन निगेटिव्हच्या काचेवरचे बारीक डाग झाकत बसला होता. भिंगातून बघता बघता तो थबकला. सोनीबाईच्या छातीवरच्या, रुपयाएवढ्या सगळ्यात मोठ्या आरशात एक इवलासा चेहरा होता. जीभ बाहेर.

"हे काय हाय?"

हलीमाने भिंगाला डोळा लावला. "तुमची पद्धत."

गनीने पेन्सिल उचलली. घरातल्या बायकांचे फोटो त्याच्या अम्मीला मंजूर नव्हते. फोटोवाल्याची बायको असून हलीमाचा एकही फोटो नव्हता. ती अजून भिंगातूनच बघत होती.

"पुसता काय?" तिने हळूच विचारलं.

गनीने पेन्सिल कानामागे खोचली. "राहू दे. कोनाले दिसते?"

सोनीबाईला दिसलं. फोटो हातात आल्याबरोबर ती दारात उन्हाला गेली, डोळे बारीक करून बघत राहिली. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, फोटो ओढणीत बांधला आणि निघून गेली.

पुढच्या बाजारच्या दिवशी स्टुडिओच्या पायरीवर तांड्यावरच्या अकरा बाया. पुढे सोनीबाई.

"आमाले फोटो काढाचा. पन आरशात ते जीभवाली बाई पायजे."

"तसं नाही होत, बाई."

"मंग तुमच्यापाशी काय काम?" बाया उठू लागल्या.

पडदा सरला. हलीमा चादर घेऊन उभी होती.

त्या दिवसापासून दिवे तिच्याकडे आले आणि गनीकडे एक-दोन मोजणं राहिलं. मुंबईचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. तांड्यावरच्या बायांची मात्र निराशा झाली. हलीमाने अकराही वेळा केस नीट विंचरले, निकाहातली ओढणी घेतली आणि चादरीशेजारी तोंड गच्च मिटून, अगदी ताठ उभी राहिली.