ओठ माझे, गाणं त्यांचं

इंदूर तेव्हा मध्य भारत राज्यात होतं. परदेशीपुऱ्याच्या गणेशोत्सवात मला गायचं होतं आणि नेमका त्याच दिवशी गळा बसला. पेटीवाल्यांनी बेटम्याहून आलेल्या एका ओळखीच्या बाईंना गाठलं. त्यांच्या सासरी गाणं चालत नसे, म्हणून नाव कुणी सांगितलंच नाही. त्या बाजूच्या पडद्याआड बसून गाणार आणि मी समोर नुसते ओठ हलवणार, असं ठरलं.

"चुकलं तर?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ओठांकडे ध्यानच नको देऊ, बेटा. मी श्वास घेते तिथे तूही घे. बस, बाकी आपोआप होतं."

त्यांनी सूर लावला. त्यांच्या श्वासाबरोबर माझी छाती भरू लागली. हळूहळू तो आवाज माझ्याच आतून उठतोय असं वाटलं. समोरचे दिवे, माणसं, सगळं पाण्यात तरंगल्यासारखं झालं.

टाळ्या पडल्या तशी मी धावत आत गेले.

"या टाळ्या तुमच्या आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझी हनुवटी धरली. डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

"मी फटीतून तुलाच बघत होते गं. गाताना मी कशी दिसत असेन, ते आज पहिल्यांदा पाहिलं."