पायाळू माणसाची कंबर

काटेवाडीच्या पुढं, इंदापूर रस्त्यापासून जरा आत, चार घरांची एक वस्ती आहे. रविवारी किंवा बुधवारी सकाळी कुणी कमरेवर हात ठेवून वाकडंतिकडं चालत तिकडं वळलं, की रस्त्यावरचा माणूस न विचारताच कडुलिंबाखालचं घर दाखवायचा. ते घर सोपानतात्यांचं. तात्या पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी आधी पाय बाहेर काढून जन्मलेले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडं मानतात. जन्मताना उलटे आले एवढंच तात्यांचं कर्तृत्व. पण रुबाब असा, की जणू पूर्ण विचार करून तसे आले होते.

याची रीत ठरलेली होती. तात्यांनी चूळसुद्धा न भरता उंबऱ्यात उभं राहायचं, दुखणेकऱ्यानं पायरीवर पाठमोरं बसायचं, आणि दुखऱ्या जागेवर तात्यांनी उजवा पाय तीनदा टेकवायचा. दुखणेकऱ्यानं मागं वळून न बघता निघून जायचं. लहानपणी तात्यांना याची फार लाज वाटायची. बापाच्या वयाच्या माणसाला पाय लावायचा म्हणजे काय. म्हणून आई प्रत्येकाला पाय लावून झाला की त्याच्या पाया पडायला लावायची. पुढं तात्यांना मिशा आल्या, लोक सणसर-लासुर्ण्याकडून एसटीनं यायला लागले, आणि तो नमस्कार कधी सुटला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

तात्यांना दुसरा अभिमान होता तो न झोपण्याचा. विहिरीवरच्या मोटारीची लाइट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायचं, साडेतीनला गोठ्यात, पाचला धारा काढून डेअरीत पहिला नंबर. चार तास झोप त्यांना पुरे व्हायची, निदान ते तसं सांगायचे. डेअरीत कुणी डोळे चोळत आला की त्याची कंबख्ती भरली. ''झोपा, झोपा, ऊस काय आपोआप वाढतोय,'' असं म्हणून त्याला चारचौघांत लाजवायचे. दुपारी ट्रॅक्टरच्या सीटवर त्यांचं डोकं स्टेअरिंगवर आपटायचं, ते मात्र ते कुणाला सांगत नसत.

शेजारच्या घरातली अनिता त्यांची लाडकी. वय बत्तीस-तेहतीस, नवरा बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर, आणि दीड एकरातली काकडी नि घेवडा सगळा हिच्या अंगावर. पहाटे तोडायचा, क्रेट भरायचे, उचलून टेम्पोत ठेवायचे, की माल मार्केट यार्डात. तात्या तिचं उदाहरण द्यायचे. अकराला पडती, तीनला उठती, बघा तोंडावर कुठं थकवा दिसतोय का. अनिता ऐकून लाजायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन क्रेट जास्त उचलायची.

तिची कंबर धरली तेव्हा ती अर्थातच तात्यांकडं आली. पहिल्या रविवारी पाय लावला, तिला बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी परत आली. दुखणं आता डाव्या पायात उतरलंय, म्हणाली. तात्यांनी पाय जरा दाबून लावला.

आणि त्यानंतरच्या गुरुवारी तात्यांची स्वतःची कंबर गेली. आदली सगळी रात्र पाण्यावर गेली होती. डोळे मिटत होते. गाडीवरून पेंडीचं पोतं काढताना पाय जागेवर ठेवून त्यांनी नुसतं अंग वळवलं, आणि कमरेत असं काही चमकलं की पोतं एकीकडं नि तात्या एकीकडं. सिंधुबाई, त्यांची बायको, धावत आली. तिनं आधी त्यांना सावरलं, मग तिला हसू आवरेना. आता तुम्हाला पाय लावायला कुणाला बोलवायचं, असं तिनं विचारलं. तात्यांना काही हसू आलं नाही. हे कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांनी तिला बजावलं. पायाळू माणसाची कंबर धरली, ही गोष्ट डेअरीत पोचली असती तर ते पुन्हा तिथं तोंड दाखवू शकले नसते.

रविवार उजाडला आणि पायरीवर तीन माणसं हजर. पाय उचलायचा तर एका पायावर उभं राहायला हवं, आणि तात्यांना दोन पायांवर उभं राहणं अवघड झालं होतं. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली, दात आवळले आणि कसेबसे दोघं उरकले. तिसरी अनिता. ती बसली आणि सांगायला लागली, की तात्या, डाव्या पायाला मुंग्या येत्यात, आणि चप्पल पायातनं गळती ती कळत न्हाय. तात्यांच्या कमरेतून तेव्हा कळ मस्तकात जात होती. त्यांना फक्त आडवं व्हायचं होतं, आणि ही उठल्याशिवाय ते होता येत नव्हतं. त्यांनी पाय एकदाच टेकवला आणि म्हणाले, ''काय हुत न्हाय. कामाला लाग, अंग मोकळं हुईल.''

अनिता उठली. रीत म्हणून तिनं मागं वळून बघितलं नाही. डावा पाय जरासा घासत ती घराकडं गेली, आणि ते घासणं तात्यांनी बघितलं. बघितलं, आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी त्यांनी बारामती गाठली. इंदापूरहून येणाऱ्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले, डोक्यावरून टॉवेल घेतलेला, जणू ऊन लागतंय. हाडांच्या डॉक्टरांचा एक दवाखाना त्यांनी मुद्दाम असा शोधला होता, की जिथं ओळखीचं कुणी यायचं नाही. आत गेले, नाव दिलं, आणि बाकावर टेकायला वळले तर समोर अनिता. नवरा एक्स-रे आणायला गेला होता. ती एकटी बसली होती, आणि डावं पाऊल नको असलेल्या वस्तूसारखं पुढं ठेवलं होतं.

तात्यांना बघून ती उठायला लागली आणि तिला उठता येईना. तिनं पदर पुढं ओढून घेतला. चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. ''तात्या, राग मानू नका,'' ती हळू आवाजात म्हणाली. ''तुमच्यावर भरवसा न्हाय असं न्हाय. पर ह्यांनी लईच लावून धरलं म्हणून आले.''

माफी ती मागत होती. आणि अशा वेळी माणसानं निदान गप्प बसावं, तर तेही त्यांना जमलं नाही. आपण एका पाहुण्याला भेटायला आलोय, असं त्यांनी ठोकून दिलं. वर तिच्या डोक्यावर हात ठेवून, होईल बरं, असा धीरही दिला. तेवढ्यात आतून नावं पुकारणारी पोरगी ओरडली, ''सोपान चांदगुडे, कंबरदुखी, कोण हाय?''

बाकावरच्या दहा-बारा माणसांनी इकडंतिकडं बघितलं. तात्या उठले. चौथ्या पावलाला त्यांनी भिंतीचा आधार घेतला. अनिता हसली असती तर बरं झालं असतं. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आपण काही ऐकलंच नाही अशी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तात्यांना त्या दहा पावलांत समजलं.

आतली डॉक्टर अनिताच्याच वयाची होती. तिनं पाय वर उचलून बघितले, अंगठा दाबून बघितला, आणि झोप किती घेता म्हणून विचारलं. तात्या सवयीनं चार तास म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत थांबले. कौतुक झालं नाही. तिनं सांगितलं की दिवसभर झिजलेलं अंग झोपेतच भरून निघतं. चार तासांत ते निम्मंच भरतं, आणि अर्धवट जागा माणूस वजन उचलताना कुठं वळतो ते त्यालाच कळत नाही. सात तास झोपा, म्हणाली. झोळ पडलेल्या बाजेवर झोपू नका, कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर द्या. काही उचलायचं तर कमरेत न वाकता गुडघ्यात बसा, वजन पोटाशी धरा, आणि वळायचं तर पायानं वळा. रोज थोडं चाला. तुमची शीर वाचलीये, महिन्याभरात बरे व्हाल.

तात्या उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. पायाला मुंग्या येत असल्या आणि चप्पल गळून पडत असली तर काय, असं त्यांनी विचारलं. तुम्हाला होतंय का, असं डॉक्टरनं विचारल्यावर, मला नाही, म्हणाले. मग ज्याला होतंय त्याला एक दिवसही घरी बसवू नका, डॉक्टर म्हणाली. शीर दबलेली असते, आणि उशीर झाला तर पायातली ताकद परत येईलच असं सांगता येत नाही.

बाहेर येईपर्यंत तात्यांचा हिशेब झाला होता. रविवारी सकाळी सांगितलं असतं तर ती रविवारीच दवाखान्यात पोचली असती. सोमवारी तिनं कामाला लागून घेवड्याचे अठरा क्रेट उचलले होते. टेम्पो त्यांच्याच दारावरून गेला होता.

अनिताचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं घरी आली, पण डावं पाऊल वर उचलेना. काही महिने लागतील, किती येईल ते बघू, असं सांगून डॉक्टरांनी पाठवलं होतं. तात्या तिच्या घरी गेले नाहीत. डेअरीत जाताना तिच्या दारावरचा रस्ता सोडून पाटाच्या कडेनं, लांबून जायला लागले. सिंधुबाईनं बाज बाहेर काढून टाकली, गादी जमिनीवर अंथरली, आणि नऊ वाजले की नवऱ्याला झोपायला हाकलायची. त्यांची कंबर सांगितल्या मुदतीत बरी झाली. पोतं आता ते गुडघ्यात बसून, पोटाशी धरून उचलायचे, आणि उचललं की दरवेळी त्यांना अठरा क्रेट आठवायचे. आपलं दुखणं बरं झालं याचीही माणसाला लाज वाटू शकते, हे त्यांना नवीन होतं.

रविवारी लोक येतच होते. पाय मुरगळलाय, असं सांगून तात्या त्यांना परत पाठवायचे. पाचव्या रविवारी एक म्हातारा असाच परत गेला, आणि भांडी घासता घासता सिंधुबाई म्हणाली, ''तुमच्या पायाला काय धाड भरलीय? पाय तर त्या पोरीचा गेलाय.''

तात्या तसेच उठले आणि अनिताच्या घरी गेले.

अनिताची सासू लीलाबाई ओसरीत बसली होती. तिनं उठून सतरंजी टाकली, चहा ठेवला. कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट लीलाबाईच म्हणाली, की भावजी, तुमचा पाय लागला हुता म्हणून एवढ्यावर निभावलं, न्हायतर पोर अंथरुणालाच खिळली असती. आता आलाच आहात तर एकदा पाय लावून जा. तात्यांनी चहाचा कप हातातच धरला. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी खाल्ल्या असत्या. हे गिळता येत नव्हतं.

अनिता भिंतीला टेकून, डावा पाय लांब करून बसली होती. तात्या कप ठेवून तिच्या समोर गेले आणि डॉक्टरनं शिकवलं होतं तसे गुडघ्यात वाकून खाली बसले. आईनं लावलेली आणि मध्येच सुटलेली सवय त्यांच्या हातांना आठवली. त्यांनी तिच्या त्या पावलाला हात लावून कपाळाला लावला. लीलाबाई ''अवो, हे काय,'' म्हणत पुढं आली, पण तात्यांना आता थांबायचं नव्हतं.

''मी तुला कामाला लाग म्हणलो,'' ते म्हणाले, ''ते तुला बरं वाटावं म्हणून न्हाय. माझीच कंबर मोडली हुती. मला उभं ऱ्हावत नव्हतं. तू लवकर जावीस म्हणून म्हणलो. तू पाय घासत गेलीस ते मी बघितलं हुतं.''

लीलाबाई जागच्या जागी उभी राहिली. अनिता आपल्या पावलाकडं बघत होती.

''मला ठावं हुतं, तात्या,'' ती म्हणाली.

''काय ठावं हुतं?''

''तुमची कंबर धरलीय ते. तुमी चौकट धरून उभं हुता, पाय थरथरत हुता. पाठीला कळत हुतं.''

''मग तवाच का बोलली न्हाईस? दवाखान्यात जा म्हणायचं. दोघं बी गेलो असतो.''

''तुमाला लाज वाटली असती,'' अनिता म्हणाली. ''म्हणून गप उठले.''

तात्या तिथंच तिच्या पावलाशी बसून राहिले, आणि कपातला चहा निवून गेला.