वहिनीची दोन नावं

दादाला पहिली फिट आली तेव्हा तो जेवायला बसला होता, स्टिअरिंगवर नव्हता. नाशिकच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, गोळ्या लिहून दिल्या आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "गाडी बंद. मी सांगेपर्यंत सायकलसुद्धा नको."

दादा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आणि आमचं घर दादाच्या पिकअपवर चालतं. सकाळी मळ्यांतून द्राक्षांचे क्रेट भरायचे, हायवेवरच्या पॅकहाऊसला टाकायचे, रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. मी नाशिकला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण माझ्या पगारात पाच माणसं बसत नाहीत. हंगामात ड्रायव्हर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. राहता राहिली वहिनी.

वहिनीला गाडी येते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचे वडील त्याच पॅकहाऊसला वॉचमन होते, नेपाळहून आलेले. ती लहानपणी त्यांच्याबरोबर आली, मोठी झाल्यावर तिथंच द्राक्षं निवडायला लागली, आणि दुपारच्या सुट्टीत आवारातल्या गाड्या मागेपुढे करता करता गाडी शिकली. दादा तिथं क्रेट टाकायला जायचा. पुढचं सांगायला नको. मराठी ती माझ्यापेक्षा अस्सल बोलते. मी शिकून 'आहे' म्हणायला लागले, ती अजून 'हाय' म्हणते. एवढं असूनही बायका पाणवठ्यावर तिला नेपाळीणच म्हणतात, आणि तीही ओ देते.

तर ठरलं, वहिनीचं लायसन्स काढायचं. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कागदाचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी अर्ज उघडला. वहिनी शेजारी स्टुलावर बसली होती. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, सगळं तिच्या आधारवरून भरलं. मग एक चौकट आली. नागरिकत्व : जन्माने की नोंदणीने. माझा हात सवयीनं 'जन्माने'वर गेला.

"काय विचारतंय ते?" वहिनी म्हणाली.

"जन्मानं भारतीय का, ते."

"मी तर नाय ना."

"अगं, सगळे तेच टाकतात."

"सगळे इथं जन्मले असतील." ती स्क्रीनकडे बघत राहिली. "ताई, तसं लिहू नका. उद्या कुणी धरलं, तर तुमचा दादा माझ्या कोर्टाच्या चकरा मारील का स्वतःच्या दवाखान्याच्या?"

मला राग आला. राग तिचा नव्हता. मला जे सुचायला हवं होतं, ते तिला आधी सुचलं. मी अर्ज बंद केला आणि म्हटलं, "बरं, मग तुझा तिकडचा कागद आण."

तिच्याकडे तिच्या देशाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे. लग्नानंतर एकदा ती गावी गेली होती तेव्हा काकांनी काढून दिलं. लिपी आपलीच, त्यामुळे बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला वाचता आलं. तो कागद आणि आधार घेऊन आम्ही दोघी आरटीओला गेलो. बाहेर झाडाखाली एजंट लोकांची टेबलं असतात. त्यातला एक जण बोलायला बरा वाटला. त्यानं कागद हातात घेतला, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि ओरडला, "ओ ताई, ह्या बाई अजून जन्मायच्यात!"

सन दोन हजार पन्नास लिहिलं होतं.

शेजारचे एजंट उठून बघायला आले. "आधी पाळणा घ्या, लायसन्सचं मग बघू," एक जण म्हणाला. "नाही तर बारसं करा आत्ताच, आम्ही घुगऱ्या खाऊ."

वहिनी पण हसली. म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं साल पुढं हाय. तुम्ही मागं राहिलात त्याला मी काय करू?" त्यावर त्या एजंटनं तिला चहा मागवला. त्यांचं साल विक्रम संवत, आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढे. हे मी त्या सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणी ऐकलं नाही, पण मी सांगितलं.

चहा संपल्यावर एजंट हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. हा कागद घरी ठेवा, कपाटात. आधार आहे ना? मग जन्मानं टाका, मोकळ्या व्हा."

"नाय," वहिनी म्हणाली.

"मग जा बाई खिडकीवर."

खिडकीवरचे साहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा हकिकतीत साहेब वाईट असला की लोकांना बरं वाटतं. ते म्हणाले, "नेपाळी असायला हरकत नाही. परदेशी माणसालाही लायसन्स मिळतं. पण इथल्या पत्त्याला आधार लागणारच, आणि मग मला सांगा, ह्या बाई कोणत्या?" त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. एकावर एक नाव, वडिलांचं नाव, तिकडचं आडनाव. दुसऱ्यावर दुसरं नाव, माझ्या दादाचं नाव, आमचं आडनाव. जन्मसालही जुळत नव्हतं, कारण आधार काढताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंदाजानं सांगितलं होतं. "ह्या दोन बायका झाल्या," साहेब म्हणाले.

आडनावाचं समजण्यासारखं आहे. पण नाव?

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवीन नाव लिहायचं. वहिनीचं माहेरचं नाव आईला उच्चारता येत नव्हतं. तीन-चारदा प्रयत्न करून आई म्हणाली होती, "जाऊ दे बाई, तोंडाला व्यायाम होतो नुसता." मग आत्यानं एक सोपं नाव सुचवलं, दादानं ते तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. संध्याकाळी ते तांदूळ आईनं पुन्हा डब्यात ओतले. नाव मात्र राहिलं. पुढे गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा तेच नाव सांगितलं, सरपंचांचा दाखला जोडला. कुणाच्या मनात काही खोट नव्हती. सुनेचं नाव सासरचंच, आम्हाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"नाव बदलल्याचं गॅझेट आणा," साहेब म्हणाले.

गॅझेटच्या कामाला गेले तर तिथं सांगितलं, गॅझेटमधे नाव भारतीय नागरिकाचंच बदलतं. मग नागरिकत्व घ्या. तेही मिळतं, भारतीय माणसाशी लग्न झालेलं आहे, इतकी वर्षं इथं राहते. मी अर्ज केला. तिथं विचारलं, लग्नाच्या दाखल्यावर जे नाव आहे ते तुमच्या देशाच्या कागदावर का नाही? वकिलातीचं पत्र आणा, की ही तीच बाई. वकिलात दिल्लीला. वकिलातीला लिहिलं. त्यांनी विचारलं, ह्या नावाची आमची कुणी नागरिक नाही, तुम्ही कोणाबद्दल लिहिताय?

एवढं सगळं मी एका परिच्छेदात लिहिलं, पण त्यात अख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली. सुट्ट्या संपल्या. ऑफिसात मुख्य क्लार्क मला विचारायच्या, "काय गं, आज कोणत्या देशात?" मी हसायचे. संध्याकाळच्या एसटीत वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपायची आणि मी मांडीवर फाइल धरून बसायचे. एकदा ती डोळे न उघडता म्हणाली, "ताई, तांदळात लिहिलेलं पुसलं जातं म्हणायचे. माझंच कसं पुसंना?"

मी फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तोवर द्राक्षं सुरू झाली. पिकअप अंगणात उभी. किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला टांगलेली, आणि तिच्यावर आईची नजर. दादा दिवसभर गाडी पुसायचा. एका सकाळी आई गोठ्यात होती, वहिनी दळण आणायला गेली होती, मी एसटीसाठी निघाले होते. दादानं किल्ली घेतली. मळा जवळच होता, तो म्हणाला नंतर. जवळच तर जायचं होतं.

रस्त्यावरून गाडी उतरली आणि बांधाला जाऊन टेकली. दादा स्टिअरिंगवर कलंडलेला, हॉर्न वाजत होता. त्या हॉर्ननंच माणसं धावली, मीही थांब्यावरून परत फिरले. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रस्त्यावर त्या वेळी शाळेची पोरं नव्हती, एवढंच.

वहिनीनं त्याला आत आणलं. तोंड धुवायला पाणी दिलं, अंगावर पांघरूण घातलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, मी आता बिनलायसन्सची चालवते. होऊ दे काय व्हायचं ते."

"आणि पकडलं तर? नागरिकत्वाच्या अर्जाचं काय?"

"मग तुम्ही सांगा ना काय करू! हे परत किल्ली घेतील. मी ओळखते यांना. आज वाचले."

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. ते कधी मधे पडत नाहीत. ते म्हणाले, "हिच्या कागदाला काय अडचण हाय?" आणि माझ्याकडे बोट केलं.

माझ्या कागदांना काहीच अडचण नव्हती. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, डिग्री, सगळीकडे एकच नाव, एकच तारीख. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे कुणी माझं नाव तांदळात लिहिलं नाही. फक्त मला गाडी येत नव्हती. स्कूटीलासुद्धा मी घाबरते.

मी अर्ज भरला. जन्माने. बोट एकदाच लावलं, पुढचं पान आलं. इतकं सोपं असतं ते, मला माहीत नव्हतं.

शिकायला लागले तेव्हा कायद्यानं शेजारी लायसन्सवाला माणूस हवा, म्हणून शेजारी दादा. आणि त्याच्या पलीकडे दाराशी वहिनी, कारण शिकवायला तीच हवी. दादा मधे बसून दोघींचं ऐकायचा.

"क्लच हळू सोडा ताई. हळू. बी.कॉम. झालात ना तुम्ही?"

"बी.कॉम.ला क्लच नव्हता."

"मग काय शिकवलं यांना एवढी वर्षं," दादा म्हणायचा आणि गाडी बंद पडायची.

टेस्टला मी एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. लायसन्स पोस्टानं घरी आलं. आईनं ते देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. वहिनीनं हातात घेऊन फोटो बघितला, उलटं करून मागचंही बघितलं आणि म्हणाली, "चांगला आलाय फोटो." मग चहा टाकायला आत गेली. बराच वेळ आतच होती.

आता उजाडताना आम्ही दोघी निघतो. क्रेट भरतो, पॅकहाऊसला टाकतो. तिथून मी एसटी पकडून नाशिकला जाते आणि गाडी दिवसभर पॅकहाऊसच्या आवारात उभी राहते. आवाराच्या आत लायसन्स लागत नाही, म्हणून तिथं वहिनी ती मागेपुढे करते, माल उतरवायला लावून देते, मुलगी असताना करायची तसंच. संध्याकाळी मी परतताना तिला आणि गाडीला घेऊन घरी येते. घरी आल्यावर किल्ली माझ्या पर्समधे जाते. दादा विचारत नाही.

वकिलातीचं पत्र परवा आलं. कळवलं आहे की नावातील फरकाबाबत मूळ जिल्ह्यातून खातरजमा करावी. मी वाचून दाखवलं. वहिनी म्हणाली, "म्हंजे काका अजून हायेत तोवर लिहायला पाहिजे." मी म्हटलं, रविवारी लिहू. ती म्हणाली, "त्या पत्रात खाली माझं पहिलं नाव टाका. काकांना दुसरं माहीत नाय."

मी ते नाव लिहून बघितलं. जोडाक्षर होतं, आईला जमत नव्हतं ते. मी मोठ्यानं म्हटलं. बरोबर आलं की नाही, तिनं सांगितलं नाही, नुसती हसली.

आज सकाळी हायवेला लागताना समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला, जरा उशिरा. शेजारी वहिनीचा पाय माझ्याआधी दाबला गेला होता. तिच्या पायाखाली नुसता पत्रा आहे.

"दुसरा गिअर टाका," ती म्हणाली. मी दुसरा टाकला.