ताटावरून उठलेला चक्कीवाला

चक्कीवाल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक डबा ठेवतात, नंबर यायला तास लागतो, अन् तो तासभर ते बोलतात. चक्कीच्या पट्ट्याच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे ऐकलेलं सहसा विसरत नाही. दुसऱ्यांचे किस्से सांगत बसलो तर गावात राहणं मुश्कील होईल, म्हणून माझेच सांगतो. ते सगळे सुट्टीचे आहेत. सुट्टी घेतल्याचे कमी, घ्यायला गेलो अन् काय झालं त्याचे जास्त. त्यातलं निम्मं मला अजून समजलेलं नाही, तेव्हा मधे मधे काही विचारू नका.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडचं; नदीपलीकडं महाराष्ट्र. बसथांब्यासमोर तीन दुकानं एका ओळीत. पहिलं राजन्नाचं कटिंगचं, मधलं चांदभाई टेलरचं, शेवटची माझी पिठाची चक्की. गावात चक्की ही एकच. राजन्ना मंगळवारी बंद, चांदभाई शुक्रवारी दुपारी बंद. माझं ठरलेलं काही नव्हतं. करंट असला की चालू, करंट गेला की बंद. दारावर मी एक बल्ब लावून ठेवला होता. तो लागला की लोक घरून डबे घेऊन निघत. करंट नसला की मी बाकड्यावर बसून त्या बल्बाकडं पाहत राही. माझी बायको कुसुम म्हणायची, "याले सुट्टी म्हनत नाहीत. ही राखन हाय."

तिचं खरं होतं. तिच्या बापाची पलीकडं, वणीच्या बाजूला, चक्कीच होती. तिला यातलं सगळं माहीत होतं.

*

एकदा जिल्ह्याहून एक साहेब आले, दुकानांची नोंद करायला. साहेब तेलुगू बोलणारे. फॉर्म काढून मला म्हणाले, "सेलवु एप्पुडु?"

राजन्ना शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सुट्टी कवा असते, इचारून राह्यले."

मी म्हटलं, "साहेबाले सांग, ते करंटवाल्याले माईत."

राजन्नानं काय सांगितलं देव जाणे. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, बल्बाकडं पाहिलं, काहीतरी लिहिलं, शिक्का मारला अन् कागद भिंतीवर लावायला सांगितला. मला तेलुगू वाचता येत नाही. पण शिक्का होता, म्हणून मी त्याला काचेची फ्रेम केली. रोज सकाळी देवाला उदबत्ती लावताना त्यालाही ओवाळायचो.

तीन वर्षांनी शाळेत नवे गुरुजी आले. दळण घेऊन आले अन् कागद वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "किसनभाऊ, आज तं तुमची चक्की बंद पायजे."

"काऊन?"

"इथं लिवलं हाय. रविवारी सुट्टी."

रविवार म्हणजे आमच्या बाजाराचा दिवस. दारात बावीस डबे उभे होते. मी तसाच राजन्नाकडं गेलो. म्हटलं, "तीन वर्सं झाले तू हा कागद पाहून राह्यला. सांगितलं काऊन नाही?"

राजन्नानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलता सांगितलं, "मला वाटलं तुला माईत हाय. तू रोज त्याची पूजा करतो."

*

त्या कागदामुळे मनात मात्र किडा वळवळला. वाटलं, एक दिवस बंद ठेवून पाहावं. रविवार शक्य नव्हता, म्हणून एका बुधवारी, करंट असताना, मी चक्कीला कुलूप लावलं अन् घरी येऊन पाय पसरून बसलो. काय करायचं ते समजेना. कुसुमला विचारलं, "लोक सुट्टीत काय करतात?" ती म्हणाली, "मले काय माईत? मी कवा पाह्यली?"

नऊ वाजता शेजारची यमुनाबाई आली. दारात चप्पल काढली, डोक्यावर पदर घेतला अन् काही न बोलता भिंतीला टेकून बसली. पाठोपाठ आणखी दोघी आल्या. एकीनं पिठलं-भाकरी आणली होती, झाकून. मला कळेना, मी पण गप्प बसलो. सगळेच गप्प बसले की माणूस आपोआप दुःखी दिसतो. मी तसा दिसत असणार, कारण यमुनाबाई डोळे पुसायला लागली.

मग राजन्ना आला, हातात सामानाची पेटी घेऊन. अंगणात पाट मांडला, वाटीत पाणी घेतलं अन् हळूच मला विचारलं, "कोन गेलं?"

"कोणी नाही. सुट्टी हाय."

राजन्नानं वस्तरा पुसला अन् म्हणाला, "आलोच हाय तं दाढी तरी करून घे."

दाढी झाली. पिठलं-भाकरीही आम्ही खाल्ली, परत कशी पाठवणार? बारा वाजता जाऊन मी चक्की उघडली. लोकांना एवढं बरं वाटलं की दोघांनी माझी पाठ थोपटली.

*

आता खरी गोष्ट सांगतो. मी इतके दिवस जिची लाज धरून होतो, ती.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्याकडं तो धोंड्याचा महिना. जावयाला सासरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे करून पोटभर खाऊ घालायचं. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला मी गेलो. सासरे तोवर वारले होते, चक्की दुसऱ्याला गेली होती. सासूबाई एकट्या. पण त्यांनी सगळं रीतसर केलं. पाट, रांगोळी, ताटाशेजारी दिवा. त्या वाढत होत्या, मी पहिला घास घेतला होता. इतक्यात गेलेला करंट आला अन् समोरचा बल्ब लागला.

मी उठलो. खरं सांगतो, मला काही कळलंच नाही. "आला करंट," म्हणालो, हात धुतला, अन् अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेलो. तिथं ध्यानात आलं की आपण कुठं आहोत.

परत आलो तेव्हा सासूबाई ताटासमोर तशाच बसल्या होत्या, हातात पळी. मी पुन्हा पाटावर बसायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "उठलेल्या ताटावर बसत नसतात, जावईबापू. पुढच्या धोंड्याले या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावी आल्यावर चांदभाईला सांगितलं. तो काज करता करता म्हणाला, "वो महाराष्ट्र का करंट था भाई. अपना नै था."

*

पुढच्या धोंड्याला ऐन वेळी मोटर जळाली. ती आदिलाबादला नेऊन आणेपर्यंत महिना संपला.

त्याच्या पुढच्या धोंड्याला मी सगळी तयारी केली. नवं धोतर, पिशवी, कुसुम नव्या लुगड्यात. देवरावची जीप पुलापर्यंत जायची. कुसुम आत बसली, मी एक पाय आत टाकला, तेवढ्यात देवरावनं स्टेअरिंगवरून वळून पाहिलं. "किसनभाऊ, तुमी कुठं?"

"सासरवाडीले. धोंड्याले."

"माह्या घरचा डबा तुमच्याकडं पडून हाय. घरी चिमूटभर पीठ नाही. जवारी दळून द्या, मग दुसऱ्या खेपेले या."

मी कुसुमकडं पाहिलं. ती समोर काचेतून रस्त्याकडं पाहत होती. मी पाय काढून घेतला. जीप गेली, कुसुम तीत बसून गेली. मी देवरावची ज्वारी दळली, तोवर आणखी नऊ डबे लागले. दुसरी खेप कधी आली अन् कधी गेली, माझ्या ध्यानात नाही.

चार दिवसांनी कुसुम परतली. म्हणाली, "आईनं ताट वाढलं होतं. पाटावर मलेच बसवलं."

*

अशी नऊ वर्षं गेली. पुन्हा अधिक महिना आला. सासूबाईंचा निरोप आला, पलीकडून कापूस घेऊन आलेल्या माणसाजवळ. त्यानं जसा ऐकला तसा सांगितला: "जावयाले सांग, पुढच्या धोंड्याले मी असन का नसन. एकडाव तरी पुरं जेवून ताटावरून उठ म्हना."

मी त्या रात्री जेवलो नाही. सकाळी शेजारच्या दोन्ही दुकानांत सांगून टाकलं, चार दिवस चक्की बंद. पाटी करायची ठरली. मराठीत कुसुमनं लिहिलं, तेलुगूत राजन्नानं, उर्दूत चांदभाईनं. संध्याकाळी मराठी वाचणारे विचारायला लागले, "चार दिवस?" तेलुगू वाचणारे म्हणाले, "दोनच दिवस ना?" एक म्हातारे काझी उर्दू वाचून एवढंच म्हणाले, "अल्लाह खैर करे." मी चांदभाईला विचारलं, तू नेमकं काय लिहिलंस? तो म्हणाला, "तबीयत से लिखा."

चक्कीची चावी त्याच्याकडं दिली अन् पहाटेच्या बसनं आम्ही निघालो. कोणी अडवू नये म्हणून मी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं.

*

सासरवाडीला पोचलो तर दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर आली. आम्हाला पाहून तिनं कपाळाला हात लावला. "बुढी तं सकाळीच तुमच्याकडं गेली. म्हने, जावई काही येत नाही. धोंडे करून डब्यात भरले अन् निघाली."

म्हणजे सासूबाईंची बस अन् आमची बस पुलावर कुठंतरी समोरासमोरून गेली असणार. मी म्हटलं, "चाल, उलट्या पावली निघू." कुसुम म्हणाली, "आईले मी वळखतो. कुलूप पाह्यलं का ती फिरंल. आपुन निघालो अन् ती बी निघाली तं?"

आम्ही थांबलो. शेजारणीकडून किल्ली घेतली. पहिला दिवस वाट पाहिली. दुसरा दिवस वाट पाहिली. जन्मात पहिल्यांदा सुट्टी मिळाली, अन् मी सासूच्या घरी सासूशिवाय बसलो होतो. करंट दोनदा आला, मी उठलो नाही. पण उठलो नाही हे पाहायला सासूबाई तिथं नव्हत्या, याचं फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी पीठ संपलं. सासूबाईंच्या कोठीतली ज्वारी डब्यात भरून मी चक्कीवर गेलो. सासऱ्यांचीच जुनी चक्की ती, नवा मालक. तीही बंद. विचारलं तर कळलं, मालक सासरी गेला, धोंड्याला.

माझं डोकंच फिरलं. तिथं जमलेल्या बायांसमोर मी बोललो, "असा कसा जाते तो? गावानं खायचं काय? दळनाचं कोन पाहील मग?" मागं वळलो तर कुसुम. पदर तोंडात धरून हसत होती, इतकी, की तिला खाली बसावं लागलं. नऊ वर्षांचं हसू होतं ते.

*

चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. ज्वारीचा डबा सोबत घेतला, आपल्याकडं दळून देऊ म्हणून. आमच्या थांब्यावर उतरलो अन् मी जागीच उभा राहिलो. पट्ट्याचा आवाज येत होता. पाटी तिन्ही भाषांत लटकत होती, अन् तिच्याखाली चक्की चालू होती. बल्ब लागलेला. दारापासून चांदभाईच्या पायरीपर्यंत डब्यांची रांग.

चांदभाई मशीनवरून उठलासुद्धा नाही. "पहिले दिन बैठ के रोई बुढिया," तो म्हणाला. "दूसरे दिन बोली, चावी ला."

मी डबा खांद्यावर घेऊन आत गेलो. सासूबाई माझ्या जागेवर उभ्या होत्या. भुवया, पापण्या, लुगडं, सगळं पांढरं. पडणाऱ्या पिठाची धार अंगठ्यावर घेऊन चोळून पाहत होत्या, सासरे पाहायचे तसं. कोपऱ्यात पाट मांडलेला होता. त्याच्यापुढं झाकलेलं ताट, अन् ताटाशेजारी न लावलेला दिवा.

त्यांनी मला पाहिलं. माझ्या डब्याकडं पाहिलं.

"डबा लायनीत ठेवा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "करंट गेला का वाढतो."

माझ्यापुढं अकरा डबे होते. मी माझा शेवटी ठेवला, बाहेर बाकड्यावर बसलो, अन् बल्बाकडं पाहत राहिलो.