दोरा कोन ढकलते?

बेला गावच्या बयनाबाईंनी दहा वर्षं मशीनवर पोलकी शिवली, पण खालचा दोरा वर कसा येतो, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. १९८८च्या ऐन लगीनसराईत त्यांच्या सहा वर्षांच्या चंद्रकलेनं पेचकस घेऊन मशीनची सुईखालची पत्री खोलून ठेवली.

"काऊन खोललं वं?" बयनाबाई कडाडल्या.

"खालचा दोरा कोन ढकलते, ते पाहून राह्यली."

मारायला उचललेला हात तसाच राहिला. "मंग? कोन ढकलते?"

पोरीनं हळूहळू चाक फिरवलं. "कोनीच नाई. वरचा दोराच खाली जाते अन् त्याले घेऊन येते."

बयनाबाईंनी तीनदा फिरवायला लावलं. मग दोघींनी मिळून पत्री बसवली. पुढं मशीन अडली, की त्या मिस्त्रीला निरोप धाडत नसत. शाळा सुटायची वाट पाहत.