डिस्क नसलेला लॅपटॉप

मोहाडीत तहसील कार्यालयासमोर रीता लॅपटॉप दुरुस्त करते. आयटीआय झालेली, हाताची स्थिर, बोलायला कमी. मागच्या जूनमध्ये एका दुपारी विमलाकाकू वारलेल्या नवऱ्याचा, नंदलालकाकांचा, लॅपटॉप घेऊन आल्या.

"डिस्क पोरानं काढून नेली. तरी हा बोलूनच राहिला. मले भेव लागते."

रीताने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: 'विमला, गोळी घेतली का?'

डिस्कची जागा रिकामीच होती. म्हणजे वाक्य बोर्डावरच्या चिपमध्ये होतं, लॅपटॉपला जागं करणाऱ्या फर्मवेअरमध्ये. तिथून सरळ प्रोग्राम चालतो, एवढंच तिने ऐकलं होतं. कंपनीच्या साइटवर काही सापडेना. शेवटी फर्मवेअरच्या नियमांचा मूळ दस्तऐवज मिळाला, इंग्रजीत, दोन हजारांवर पानं. शब्दकोश घेऊन तिने तीन आठवडे काढले आणि दुसऱ्या एका लॅपटॉपवर स्वतःचं नाव उमटवलं. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण फर्मवेअरला देवनागरी येत नाही. नंदलालकाकांनी मात्र एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं होतं. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस हे कुठे शिकला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग तिने चिप वाचली. आत अशी कितीतरी वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्यापुढे तारीख होती. ज्या दिवसाची तारीख, त्या दिवशी ते वाक्य उमटणार. पहिली तारीख होती बारा फेब्रुवारी.

काकू आल्या तेव्हा तिने विचारलं, "काका कधी गेले?"

"अकरा फेब्रुवारीले. सायकलवरून उतरले अन् खाली बसले. बस."

रीताने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. प्रोग्राम तयार झाला होता त्याआधीच्या नोव्हेंबरात. त्यानंतर चिपला कोणी हात लावला नव्हता. तिने ते काकूंना सांगितलं.

"नोव्हेंबरात तं त्यायचं काहीच दुखत नोहतं," काकू हळूच म्हणाल्या. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"पुसून टाकू का, काकू?"

"नोको. राहू दे." मग उठता उठता त्यांनी विचारलं, "शेवटची तारीख कोणती हाय वं?"

रीताने ती पाहिली होती. त्या तारखेपुढे चिपमध्ये भरपूर जागा रिकामी होती, पण एकही वाक्य नव्हतं.

"तेवढं नाही पाहिलं, काकू."

काकूंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बस पकडायला गेल्या.

ती तारीख अजून यायची आहे. रीता आता दर रविवारी दुकान बंद ठेवून काकूंकडे जाते. काकू चहा टाकतात. काहून आली, असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही.