तिनं न ऐकलेली दुसरी गोष्ट

"हिला बसवा पुरणाला. हिची पाळी गेलीय, वर्ष झालं. हिला आता कसलीच अडचण नाही."

अनघाताई हे स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून म्हणाल्या. हातात पुरणयंत्र होतं. ओट्याभोवती अकरा बायका. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "लकी आहेस बाई!" मीही हसले. आपल्यावर हसणं चाललं असताना आपण आधी हसायचं, ही माझी जुनी सवय.

इथं परदेशात, क्वेकर्स हिल या उपनगरातलं अनघाताईंचं दुमजली घर. गौरी जेवायचा दिवस. वयानं ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण ताई तीच. तिचा नवरा आयटीत मोठ्या पदावर. माझा नवरा बस चालवतो. आम्ही गिरावीनला युनिटमध्ये, म्हणजे लहानशा फ्लॅटमध्ये राहतो. बारा वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत तिनं माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "हं" म्हणाली. तो "हं" मला नीट कळला. लहानपणापासून ऐकत आलेय.

"आम्ही असलं काही मानत नाही हं," असंही ती म्हणाली होती. मानत नव्हतीच. फक्त गौरींच्या दिवशी मला सिंक मिळायचं. भांडी, काकड्या चिरणं, गराजमधून खुर्च्या आणणं. नैवेद्याच्या गॅसकडे माझं काम कधी नसायचं. "तुमच्याकडे गौरी नसतात ना, तुला जमायचं नाही," एवढंच कारण. दरवर्षी मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर मेसेज यायचा, सोवळ्यातल्या स्वयंपाकाला कुणाकुणाला अडचण नाही? ज्यांची पाळी नसेल त्या अंगठा टाकायच्या. पहिल्या वर्षी मीही टाकला होता. तरी वाट्याला सिंकच आलं. पुन्हा टाकला नाही.

दहाबारा वर्षं माझे हात चालत नव्हते. पाळी गेली आणि एकदम चालायला लागले. ज्या दोघीजणी पुरण करायच्या त्यातली एक मुलाकडे पर्थला गेली, दुसरीचे गुडघे गेले. बाकीच्यांची पाळी अजून चालू, त्यांचं तारखेचं काही खरं नाही. घरात एक बाई हवी होती जिचा कधीच खोळंबा होणार नाही. ती मी.

पण पाळी गेल्याचं तिला कळलं कसं? मीच सांगितलं. माझीच चूक.

जूनमध्ये मंडळाच्या कार्यक्रमातून ती मला गाडीनं घरी सोडत होती. आतून मी तेव्हा पार संपले होते. झोप नाही. अंगातून वाफा निघायच्या आणि मग थंडी. कामावरून सुटले की पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे, किल्ली फिरवायचंही जिवावर यायचं. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीपुढे उभी राहून रडले होते, कारण नव्हतं काही. नवऱ्याला सांगितलं, बरं वाटत नाही. तो म्हणाला, "सगळ्या बायकांना होतं. माझ्या आईनं कधी एवढं केलं नाही." लेक दूर क्लेटनला, युनिव्हर्सिटीत. ती फोनवर म्हणाली, "मम, प्लीज, जस्ट सी समवन." तिचं लेक्चर होतं, तिनं फोन ठेवला.

म्हणून त्या दिवशी गाडीत मी अनघाताईंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझी पाळी गेली. दुसरी, मला जगावंसं वाटत नाही.

तिनं पहिलीच ऐकली.

मी वृद्धाश्रमात काम करते. इथं त्याला एज्ड केअर म्हणतात. आमच्याकडे एखाद्या आजीनं दुपारचं ताट परत पाठवलं तरी मी नोट लिहिते. लो इन मूड. टीअरी. डिक्लाइन्ड लंच. नोट लिहिली की नर्स येते, बसते, विचारते. नव्वद वर्षांच्या बाईच्या रडण्याला तिथं कागद आहे. माझ्या रडण्याला नव्हता.

शेवटी स्वतःच फोन केला आणि बाई डॉक्टरची वेळ घेतली. लाँग अपॉइंटमेंट, नेहमीपेक्षा जास्त वेळाची. ती एकदा अनघाताईंच्या श्रावणातल्या हळदीकुंकवापायी रद्द केली होती, कारण चाळीस जणींचे वाटी-चमचे धुवायचे होते. पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. नेमकी गौरी जेवायच्या दिवशी, अडीच वाजता. मी आधीच सांगून ठेवलं होतं की दोनला निघेन. "जा गं, नो वरीज," ती म्हणाली होती.

सकाळी सातपासून पुरण घाटत होते. खरं सांगू? हात त्या गॅसपाशी गेले तेव्हा सुरुवातीला मला बरं वाटलं. याची लाज वाटते, पण वाटलं. इतक्या वर्षांनी आत घेतलं, असं वाटलं. पावणेदोनला अनघाताई आल्या आणि म्हणाल्या, "अगं, माणसं वाढली. अजून एक किलो डाळ शिजवलीय. तेवढं पुरण करून टाक."

मी म्हटलं, "ताई, माझी डॉक्टरची वेळ आहे."

"फोन कर ना त्यांना. उद्या जा. तुला काय, शिफ्ट बदलता येते. आणि डॉक्टर कशाला गं? मन बिझी ठेव. हे बघ, सकाळपासून कशी छान रमलीयेस."

मी फोन लावला. हो, लावला. वेळ रद्द करायचीय म्हटल्यावर रिसेप्शननं होल्डवर टाकलं; क्लिनिकचं संगीत वाजत होतं, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं पुरण हलवतेय. आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. थांबेना.

"अगं, अगं! पुरणात पडेल! नैवेद्य आहे तो. रडायचं तर लाँड्रीत जाऊन रड."

गेले. तिनं सांगितलं आणि मी गेले. फोन कानाला तसाच. वॉशिंग मशीनला पाठ लावून फरशीवर बसले. समोर बास्केटमध्ये तिच्या पोरांचे मोजे. डोक्यात एकच, आता रद्द केली तर पुन्हा फोन करायला मी उरेन की नाही ठाऊक नाही. असं नुसतं वाटलं नाही. मला ते समोर दिसलं.

खिशात सकाळची यादी होती. डाळ, गूळ, वेलदोडे. तिच्या मागं मी पेनानं लिहिलं, कामावर लिहिते तसंच. लो इन मूड, आठ महिने. टीअरी. झोप नाही. जगावंसं वाटत नाही म्हणते. कुणाला कळवलं? रकाना रिकामा.

तेवढ्यात पलीकडून रिसेप्शनवरची बाई बोलली, "सॉरी अबाउट द वेट, लव्ह. डिड यू वाँट टू कॅन्सल?"

मी म्हटलं, "नो. आय ॲम कमिंग."

उठले. स्वयंपाकघरात आले. पुरणाखालचा गॅस बंद केला. एप्रन काढून ओट्यावर ठेवला.

"अनघा," मी म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ताई न लावता. "जूनमध्ये गाडीत मी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरी कोणती?"

"म्हणजे? कसली दुसरी?"

"आठव."

तिला आठवेना. नाटक नव्हतं, खरंच आठवत नव्हतं. तेच मला जास्त लागलं.

"मला जगावंसं वाटत नाही, हे सांगितलं होतं. पाळीचं तू सगळ्यांना सांगितलंस. आता हेही सांग."

अकरा बायका. पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे हात थांबले. एकीनं मान खाली घातली आणि वर केलीच नाही. तिचं वय माझ्याएवढंच असेल. अनघा म्हणाली, "आज सणाच्या दिवशी घरात असं बोलतात का? आणि पुरण कोण करणार?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

डॉक्टरपुढे यादीचा कागद ठेवला. तिनं पूर्ण वाचून घेतला, एका बाजूला डाळ-गूळ, दुसऱ्या बाजूला मी. सगळ्यांना होतं असं ती म्हणाली नाही. सरळ विचारलं, "आर यू सेफ टुनाइट?" मी म्हटलं, आजचं हो म्हणते, उद्याचं माहीत नाही. मग उद्याचंही तिनं माझ्यासोबत बसून ठरवलं. कुणाला फोन करायचा, कुठे जायचं. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, औषधांचं बोलली, पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

घरी आले तर नवऱ्याला अनघाचा फोन येऊन गेलेला. "तू त्यांचा सण नासवलास म्हणे." मी त्याला कागद दिला. तो उभ्यानं वाचत होता, मग खाली बसला. मला तेव्हा त्याची दयाही आली नाही आणि रागही आला नाही.

बरी झालेय का? नाही. सकाळी अजून छातीवर वजन असतं. औषध चालू आहे, कधी लागू पडतंय असं वाटतं, कधी नाही. ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही, मीच बाहेर पडले. त्या मान खाली घातलेल्या बाईचा एकदा फोन आला. आधी कितीतरी वेळ इकडचं तिकडचंच बोलत राहिली. मी फोन ठेवला नाही. मग डॉक्टरचा नंबर मागून घेतला तिनं.

डॉक्टरची वेळ मी आता कुणासाठी मोडणार नाही. देवासाठी नाही, नवऱ्यासाठी नाही. ज्या घरात माझी पाळी गेल्यावर माझे हात शुद्ध झाले, त्या घरात हे हात पुन्हा भांडंही घासणार नाहीत. आणि कशी आहेस असं कुणी विचारलं, तर मी दुसरी गोष्ट आधी सांगेन. हसले तरी सांगेन. ऐकू जाईपर्यंत सांगेन.